राज्य

कन्नमवार नगर, बिल्डिंग एकशे अठरा.
पंपरूमच्या पिवळ्या भिंतीला कपाळ टेकवून
माझा भाऊ शंभरपर्यंत मोजायचा.
पाच-दहा-पंधरा नाही. एकेक आकडा.
एकोणसत्तरला जरा थांबायचा,
तो आकडा त्याला आवडायचा.

राज्य कायम ओजसवर.
तळवे उपडे की उताणे
हे आमचं आधीच खुणेनं ठरलेलं असायचं.
तो भिंतीकडे वळला की
आम्ही लपायचो नाही,
सागरच्या घरी जाऊन टीव्ही बघायचो.
आम्ही म्हणजे मीसुद्धा.
जिना चढताना चपला हातात घ्यायचे,
आवाज होऊ नये म्हणून.

मग तो शोधायचा.
स्कूटरींमागे, मीटरच्या खोलीत, बदामाच्या झाडामागे,
काल ज्या क्रमानं शोधलं त्याच क्रमानं.
घरी येऊन आईला सांगायचा,
"आज कोणीच सापडलं नाही."
सगळे फार छान लपलेत याचा आनंद असायचा त्याला.
आई माझ्याकडे बघायची.
मी पोळीचा तुकडा ताटात फिरवत राहायचे.

मोठ्यांची रीत वेगळी.
"वाढदिवसाला त्याला नका आणू हो,
फुगे फुटतात, स्पीकर असतो, त्यालाच त्रास."
वर केकचा एक तुकडा
वाटीत झाकून घरपोच.

तळमजल्यावर लोखंडे राहायला आले, त्यांची जुई.
पहिल्याच दिवशी ती खरोखर लपली
आणि मागून येऊन त्याच्या पाठीत सणसणीत धप्पा घातला.
ओजस किंचाळला. खाली बसला,
कान दाबून हुंऽऽ करत, पंपाच्या मोटारीसारखा.
खिडक्या उघडल्या. आम्ही पांगलो.
जुई तेवढी थोडी लांब मांडी घालून बसली,
मोटार बंद होईपर्यंत.
मग विचारलं, "पाठीला नको ना? मग कुठे?"
त्यानं खूप वेळ घेतला.
ती गवताची काडी सोलत बसली.
शेवटी त्यानं तळहात भिंतीवर आपटून दाखवला. दोनदा.

तेव्हापासून एकशे अठरात धप्पा भिंतीला.
बाजूच्या बिल्डिंगमधली मुलं आधी हसली,
मग तीही तसंच खेळायला लागली,
भिंतीवर आवाज मस्त यायचा.

सगळं सुरळीत झालं, असं नाही.
एखाद्या संध्याकाळी तो शंभरच्या पुढेही मोजत राहायचा,
दोनशे, तीनशे, डास चावायला लागेपर्यंत.
पण राज्य फिरायला लागलं.
एकदा माझ्यावर आलं. मी सुरू केलं, पाच, दहा, पंधरा...
"चूक!" टाकीमागून ओरडला, "परत मोज."

मग रिडेव्हलपमेंट.
लोखंडे बदलापूरला, आम्ही कांजूरला भाड्यानं,
बदामाचं झाड एका सकाळी ट्रकमध्ये.
चार वर्षांनी ताबा मिळाला, तेविसावा मजला.
पोडियमवर रबरी जमीन, घसरगुंडी आणि पाटी:
फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.
ओजस आता एकोणीसचा. बाबा त्याची दाढी करून देतात.
त्यानं पाटी वाचली. नियम तो पाळतो.
रेषेच्या अलीकडे उभा राहून झोके मोजतो,
तर बाकावरच्या बायका आपापली मुलं जवळ ओढतात
आणि सिक्युरिटीवाला विचारतो, "कौन से फ्लैट का है?"

काल ऑफिसातून आल्यावर
मी त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं.
तिथे एक खांब आहे, अर्धा पिवळा.
त्यानं रंग हातानं तपासला,
चष्मा काढून माझ्याकडे दिला, कपाळ टेकवलं.

मी कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीमागे उकिडवी,
ऑफिसचा कुर्ता, चपला हातात.
वॉचमन टॉर्च मारतो. मी ओठांवर बोट ठेवते.
त्याला वाटलं असेल, ही बाई वेडी आहे.
खांबापाशी आवाज थांबलाय,
एकोणसत्तर.
टॉर्च विझतो. आम्ही तिघंही थांबलोय.

सत्तर.